टीम पाडायची ती ‘वाघ का सिंह’ करूनच पाडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, की सुट्टीत बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मुलांसाठी क्रिकेटची टुर्नामेंट घेणार, सगळ्या समाजाच्या मुलांची आपापसात दोस्ती व्हावी म्हणून, आणि टीम विस्तारवार (भागवार) असतील. म्हणजे वाडीची एक, फतेहपुऱ्याची एक, पाणीगेटची एक, याकुतपुऱ्याची एक, आमच्या दांडिया बाजारची एक. वाचून आधी बरं वाटलं आणि दोन मिनिटांनी ‘विस्तारवार’ हा शब्द टोचायला लागला, कारण आपल्याकडे बहुतेक विस्तार एकेका समाजाचेच, तो शब्द अजून टोचतोय, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. कापायचं असेल तर कापा पण पॅडची गोष्ट तेवढी ठेवा.

मी कोण तर कोणी नाही. बँकेत कॅशियर होते, आता रिटायर, आणि दर रविवारी सकाळी साडेसहाला पोलो ग्राउंडवर वीस-पंचवीस पोरं जमतात त्यांचा स्कोअर लिहिते. वडिलांना स्कोअर लिहायची हौस होती, मोतीबागच्या क्रिकेट ग्राउंडवर मला घेऊन जायचे, लाल-निळी पेन्सिल खिशात, तिथून ते लागलं. मला बॅट नीट धरता येत नाही पण बाय आणि लेगबाय मधला फरक अंपायरपेक्षा मला जास्त कळतो असं माझं मत आहे. पोरं मला मासी म्हणतात, सगळीच, मराठी पण, गुजराती पण, मुसलमान पण.

तर झालं काय, काही वर्षांपूर्वी अशीच एक विस्तारवार टुर्नामेंट एका मंडळाने घेतली होती, हेतू हाच, दोस्ती. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती, टी-शर्ट वाटले, केळी वाटली, उद्घाटनाला दोन्हीकडचे वडीलधारे गळ्यात गळे घालून फोटोला उभे राहिले. मी स्कोअरला. सेमी फायनलला एक पोरगा रन आउट झाला, तेरा वर्षांचा असेल, बॅट क्रीझमध्ये होती का हवेत होती देव जाणे, अंपायर होते एका बाजूच्या विस्तारातले कोणाचे तरी काका, त्यांनी बोट वर केलं. झालं. मुलं भांडली असती आणि मिटवलं असतं, मुलं रोजच भांडतात. पण दोरीच्या बाहेर जे मोठे उभे होते ते आत आले आणि मग जे ओरडणं सुरू झालं त्यात रन आउटचा काही संबंधच उरला नाही, घोषणाच त्या. मारामारी झाली नाही, नशीब. मॅच तिथेच संपवली. माझ्या वहीत ते पान अजून अर्धंच आहे, ७.४ ओव्हर, ५२ ला ३, आणि पुढे कोरं. त्यातले दोघं जण एकाच ट्यूशनला जायचे, एक ह्या टीममध्ये एक त्या टीममध्ये. टुर्नामेंटच्या आधी एकमेकांच्या सायकलवर यायचे. नंतर वेगवेगळे यायला लागले आणि एक जण यायचाच बंद झाला. म्हणजे दोस्तीसाठी भरवलेल्या टुर्नामेंटने होती ती दोस्ती पण खाल्ली!

आता कोणी म्हणेल मासी, एका मॅचवरून काय एवढं. एक मॅच नाही हो. आपल्याकडे हा सगळा प्रयोग ऐंशी वर्षांपूर्वी करून झालाय. मुंबईत चौरंगी सामने व्हायचे, युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशा धर्मावर टीम, मग १९३७ पासून पंचरंगी झाले, त्यात पाचवी टीम ‘इतर’, म्हणजे ख्रिश्चन, अँग्लो इंडियन वगैरे. आपले विजय हजारे त्या ‘इतर’मधून खेळायचे, कारण सांगलीचा मराठी माणूस पण ख्रिश्चन. १९४३ च्या फायनलला हिंदूंच्या विरुद्ध टीमच्या ३८७ मध्ये ३०९ एकट्याच्या, आणि भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला इतका वेळ उभा राहून २१. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाला असलं पान बघून झोप येत नाही. क्रिकेट म्हणून हे सामने एक नंबर होते, वडील सांगायचे लोक महिनाभर आधीपासून त्याच गप्पा मारायचे. पण गांधीजींनी १९४० मध्ये स्पष्ट सांगितलं की धर्माच्या नावाच्या टीम नकोत, आणि १९४६ ला तो सगळा कारभार बंद पडला.

आणि आता हेच हजारे बडोद्यात बघा. मार्च १९४७, रणजी ट्रॉफीची फायनल, आपल्याच बडोद्यात, समोर होळकरांची टीम, सी. के. नायडू कॅप्टन. बडोदा ९१ ला ३. क्रीझवर हजारे आणि गुल महंमद, हा लाहोरचा मुलगा, बडोद्याकडून खेळायचा. दोघांनी चौथ्या विकेटला ५७७ केल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. जगात कुठल्याही विकेटची सगळ्यात मोठी पार्टनरशिप, ती २००६ पर्यंत टिकली, मग श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धनेंनी ६२४ करून मोडली. बडोदा एक डाव आणि ४०९ रन्सनी जिंकलं. पाचच महिन्यांनी फाळणी. लाहोर आणि पंजाबमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला नको आणि इकडे एक मराठी ख्रिश्चन आणि एक पंजाबी मुसलमान एकमेकांना कॉल देत पळतायत. गुल महंमद नंतर तिकडचे झाले, १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक टेस्ट पण खेळले. वडील त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे. त्यांना फाळणी विचारली की ते ५७७ सांगायचे, आणि ५७७ विचारलं की गप्प बसायचे. ते का, हे मला खूप नंतर कळलं.

माणूस तोच, बॅट तीच. मुंबईत टीम धर्मावर पाडली तर हजारे हिंदूंच्या समोर उभे, बडोद्यात टीम शहराची पाडली तर ते गुल महंमदच्या बाजूला उभे. मला एवढंच म्हणायचंय, टीम कशी पाडली त्यावर सगळं आहे. खेळाने माणसं जवळ येतात हे अर्धंच खरं, समोरासमोर उभी केली तर तोच खेळ त्यांना लांब पण नेतो.

आणि हे माझं घरगुती ज्ञान नाही. माझा भाचा कॅनडात आहे, त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक अभ्यास पाठवला, मॅट लो म्हणून एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत त्यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला, २०२१ मध्ये छापून आला. १,२६१ तरुण घेतले, वेगवेगळ्या जातींचे, क्रिकेटची लीग भरवली. काही टीम एकाच जातीच्या, काही मिक्स, आणि कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, मर्जीवर नाही. प्रत्येक लीग महिनाभर चालली. जे एका टीममध्ये एकत्र खेळले त्यांच्या दुसऱ्या जातीत दोस्त्या वाढल्या, बक्षीस कोणाला द्यायचं ह्या मतदानात पण ‘आपला तो आपला’ कमी झालं. आणि जे दुसऱ्या जातीच्या फक्त विरुद्ध खेळले त्यांच्या दोस्त्या उलट कमी झाल्या. मी ते तीन वेळा वाचलं आणि माझं ते ७.४ ओव्हरचं पान डोळ्यासमोर आलं.

आता उपाय काय, तर त्याला कॅनडात जायची पण गरज नाही हो, आपण सगळ्यांनी लहानपणी वाड्यात, पोळात म्हणजे जुन्या गल्लीत, टीम कशी पाडली ते आठवा. दोन कॅप्टन उभे राहायचे. बाकीचे आपापसात जोड्या लावायचे, सारख्या ताकदीच्या, म्हणजे हा पण फास्ट तो पण फास्ट, हा पण रडका तो पण रडका. मग जोडी खांद्यावर हात टाकून लांब जायची, कानात नावं ठरवायची आणि परत येऊन कॅप्टनला विचारायची, वाघ पाहिजे का सिंह? आंबा का चिंच? कधी कधी फाफडा का जलेबी. कॅप्टनला माहीत नाही वाघ कोण. मागेल तो त्याचा भिडू. आणि एक उरला तर तो कॉमन, दोन्हीकडून बॅटिंग, त्याच्यासारखा सुखी माणूस नाही. ह्यात दोन गोष्टी आपोआप होतात, एक तर टीम सारख्या होतात, आणि दुसरं म्हणजे कोण कुठल्या गल्लीतला हे कोणी विचारतच नाही. शिवाय ती जी जोडी कानात कुजबुजायला लांब जाते ना, विरुद्ध टीममध्ये जाणार असतात दोघं, पण तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्यांचं एक गुपित असतं. मी मुद्दाम बघते, परत येताना दोघं दात काढत येतात.

आमच्या रविवारी हाच नियम आहे, दर रविवारी नवी टीम. एकदा ठरली की वर्षभर तीच असं नाही, कारण मग ती पण एक जातच होते.

पॅडची गोष्ट अशी. सुरुवातीला आमच्याकडे सीझन बॉल, म्हणजे लेदरचा कडक बॉल, आला पण पॅडची एकच जोडी होती, कोणाच्या तरी काकांनी माळ्यावरून काढून दिलेली, बकल तुटलेली, एका पॅडला नाडी म्हणून पतंगाचा सुती दोरा. आता दोन बॅट्समन आणि पॅड दोन. तर एकेक पॅड वाटून घ्यायचं, पुढच्या पायाला. पण उजवा बॅट्समन डावा पाय पुढे टाकतो, दोन्ही उजवे आले तर दोघांना डाव्याच पायाचं पॅड पाहिजे, मग एकाची नडगी गेली. म्हणून ओपनिंगला एक उजवा आणि एक डावरा असलाच पाहिजे असा नियमच करावा लागला, नाइलाजाने. डावरे आमच्याकडे दोनच, त्यातला एक पाणीगेटकडून यायचा, दुधाच्या दुकानात सकाळचं काम करून, हाताला दुधाच्या थैल्यांचा गारवा असायचा. दुसऱ्या टोकाला आमच्या पोळातला एक जाडा मुलगा, उजवा, घरी सोवळंओवळं अजून चालतं असं घर. ते दोघं वर्षभर, एका टीममध्ये आले की, एका जोडीतले दोन पॅड घालून खेळले. एक आउट झाला की दुसरा नवीन बॅट्समन उजवा आला तर पॅडचा घोळ, म्हणून दोघं एकमेकांची विकेट जिवापाड सांभाळायचे, असल्या चोरट्या रन घेणं त्यांनी बंदच केलं. हेल्मेट पण एकच होतं. पहिल्या दिवशी त्या जाड्या मुलाने हेल्मेट हातात घेतलं, आतला स्पंज ओला, दुसऱ्याच्या घामाने, एक क्षण थांबला, मी बघत होते, मग शर्टाच्या बाहीने आतून पुसलं आणि घातलं. तिसऱ्या रविवारी पुसणं पण बंद झालं. घरी सांगितलं नसणार. मी पण सांगितलं नाही. (मग कळलं मला, की गुल महंमद पण डावरेच होते आणि हजारे उजवे. त्यांच्याकडे पॅड पुरेशी असतील म्हणा.)

बडोद्याला हे नवीन शिकवायला नको खरं म्हणजे. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, आणि त्यांचा आखाडा पुढे चालवला कोणी, तर प्रोफेसर माणिकरावांनी, मराठी हिंदू. नाव शिष्याने स्वतःचं दिलं नाही, गुरूचं ठेवलं, ते आजपर्यंत पाटीवर आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच माणिकरावांकडे शिकले. आणि पठाण बंधू तर सगळ्यांना माहीतच आहेत, मांडवीच्या मशिदीत वडील अजान द्यायचे, तिथेच राहायचे, आणि इरफानला लहानपणी मार्गदर्शन दत्ताजीराव गायकवाडांचं, १९५९ ला इंग्लंडमध्ये भारताची कॅप्टनशिप केलेला माणूस. क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिसमध्ये हे होतं. नेटला विस्तार नसतो, बॉलर कमी पडला की बॅट्समन बॉल टाकतो.

पण आता एक कडू गोष्ट पण लिहिते, नाही तर लोक म्हणतील बाई फारच गोड बोलते. आपल्या शहरात मुलं भेटतातच कुठे? अशांत धारा, म्हणजे गुजरातचा दंगलग्रस्त भागांसाठीचा कायदा, १९९१ चा, ज्या विस्ताराला लागू आहे तिथे घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी. कायदा कशासाठी आला ते मला माहीत आहे, दंगलीत लोकांनी मातीमोल भावाने घरं विकली, ते थांबवायला. पण आज त्याचा परिणाम असा दिसतो की ज्याचा विस्तार त्याचाच राहतो, मग शाळा त्याच विस्ताराची, ट्यूशन तिथलीच, गरबा तिथलाच. आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुलं बॉक्स क्रिकेटला जातात, तासाचे पैसे, जाळी, फ्लडलाइट, ग्रुप आपला आपण घेऊन यायचा. तिथे कोणी अनोळखी येऊन ‘मी खेळू का’ विचारूच शकत नाही. ‘मी खेळू का’ हे मोकळ्या ग्राउंडवरच विचारता येतं.

आणि रविवारच्या क्रिकेटने सगळं सुटतं असं मी अजिबात म्हणत नाही. भाच्याने अजून एक पाठवलं होतं, इराकचं, सल्मा मूसा म्हणून एक बाई आहेत त्यांनी केलेलं, २०२० चं. इसिसने हाकललेले ख्रिश्चन खेळाडू, त्यांच्या काही फुटबॉल टीममध्ये मुसलमान खेळाडू घातले. टीममधल्यांशी छान जमलं, सहा महिन्यांनी पण एकत्र प्रॅक्टिस करत होते. पण ग्राउंडबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दल मन तेवढं बदललं नाही. हे मला पटतं. आमचा तो पाणीगेटचा डावरा ‘आपला’ झाला, पण त्याचा मोहल्ला झाला का? जाड्याच्या आईला विचाराल तर नाही. ती अजून म्हणते ‘तो मुलगा चांगला आहे, बाकीच्यांचं माहीत नाही’. आधी ती ‘तो मुलगा’ पण म्हणत नव्हती, एवढंच. मला तेवढं पण पुरतं, माझ्या वयात.

तर जे कोणी ही टुर्नामेंट घेतायत त्यांना माझं म्हणणं. फॉर्मवरचा ‘विस्तार’ हा रकाना काढा, वय लिहा आणि बॅट्समन का बॉलर ते लिहा. सगळ्यांना एका दिवशी ग्राउंडवर बोलवा, जोड्या लावा, वाघ-सिंह करा, टीमला नावं द्या रंगांची नाही तर पक्ष्यांची. झेंड्याचे रंग मात्र नकोत, भगवा हिरवा दोन्ही नको, पिवळा-निळा ठेवा. एका मॅचवर थांबू नका, निदान दोन महिने तरी दर आठवड्याला, कारण पहिले तीन आठवडे मुलं फक्त बघतात. शुक्रवारी दुपारी मॅच ठेवू नका. बोर्डाच्या परीक्षेचा महिना सोडा. नास्ता सगळ्यांना चालेल असा, अंड्याचा वाद आधीच मिटतो, सेवउसळीला कोणाची ना नाही, त्याबाबतीत बडोदं एक आहे. रोजे असतील तेव्हा पाण्याचा जग रोजेवाल्यांच्या समोर नाचवू नका, आमच्याकडे बाकीची मुलं आपणहून झाडामागे जाऊन पाणी प्यायला लागली, कोणी सांगितलं नव्हतं. अंपायर बाहेरचे आणा, किंवा बॅटिंग टीमचेच दोन मुलं उभे करा आळीपाळीने, ती मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात, अनुभव आहे. आणि वडीलधाऱ्यांना उद्घाटनाला बोलवा, हार घाला, फोटो काढा आणि घरी पाठवा. दोरीच्या आसपास नकोत.

मुलींचं मी वेगळं लिहिणार होते, पत्र फार झालं. एवढंच की २०२५ ला आपल्या कोटंबीच्या स्टेडियमवर डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची क्रिकेट लीग, झाली तेव्हापासून आमच्याकडे पाच मुली यायला लागल्यात, दोन तांदळजाहून येतात, लांबून, भाऊ स्कूटरवर सोडतो आणि झाडाखाली मोबाईल बघत बसतो. त्याला पण परवा फील्डिंगला घेतला, एक गडी कमी होता.

त्या दोन ट्यूशनवाल्या मुलांचं काय झालं विचाराल, तर माहीत नाही. एक आता हलोलला नोकरीला आहे असं ऐकलं.

तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुनी पॅड पडली असतील तर रविवारी सकाळी साडेसहाला पोलो ग्राउंडवर आणून द्या, वह्या घेऊन बसलेली बाई ती मीच. जोडी नसेल, एकच असेल तरी चालेल. उजव्या पायाचं असेल तर जास्त बरं, डावरे आता चार झालेत.

आपली,
एक स्कोअरर
दांडिया बाजार, बडोदं